जबडा-गालाचं फ्लॅपचं ऑपरेशन: कोल्हापूर परिसरातल्या पेशंटच्या घरच्यांनी काय करायचं

‘जबड्याचा तुकडा काढायचा आणि तिथं पायाचं हाड लावायचं’ हे ओपीडीत पहिल्यांदा कानावर पडलं की घरच्यांना पुढचं काही ऐकू येत नाही. चंदगड, गगनबावडा, राधानगरीकडून आलेली माणसं संध्याकाळची एसटी धरायच्या घाईत असतात, आणि विचारायचे प्रश्न घरी पोचल्यावर सुचतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. आपल्याकडे हे ऑपरेशन बहुतेक वेळा मावा, तंबाखू-चुना किंवा मिश्रीमुळे झालेल्या गालाच्या आणि हिरडीच्या कॅन्सरसाठी होतं. कधी अपघातानंतर होतं, तर २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, वरचा जबडा गेलेल्यांवरही अशी ऑपरेशनं झाली.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फ्लॅप म्हणजे स्वतःच्या रक्तवाहिनीसकट उचललेला शरीराचाच तुकडा. नुसती कातडी सोलून लावली तर ती खालच्या जागेतून रक्त ओढून जगते, त्याला ग्राफ्ट म्हणतात. तोंडात लाळ असते, जंतू असतात, पुढे रेडिएशनही द्यायचं असतं. तिथं ग्राफ्टवर भागत नाही, आपलं रक्त आपल्याबरोबर घेऊन येणारी जाड, जिवंत चकती लागते. ही युक्ती आपल्या मुलखाला नवी नाही. टिपूच्या लढाईत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं नाक पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी देठासकट खाली वळवून बांधलं होतं. ती हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली आणि तिथले सर्जन त्यावरून शिकले. ‘देठासकट’ हा शब्द लक्षात ठेवा. आजचा देठ म्हणजे दोन-तीन मिलिमीटर जाडीची धमनी आणि तिच्या शेजारची शीर. ती दाबली, पिळली किंवा तिच्यात गुठळी झाली, की फ्लॅप काळा पडतो.

कुठला तुकडा कुठे लावतात

गाठीभोवती साधारण एक सेंटिमीटर चांगली जागा धरून गाल किंवा हिरडी कापतात आणि त्याच वेळी मानेतल्या गाठी काढतात. हाडाला गाठ नुसती टेकली असेल तर जबड्याची वरची कड तेवढी काढून खालची किमान एक सेंटिमीटर उंचीची पट्टी ठेवता येते. हाडात शिरली असेल तर पूर्ण जाडीचा तुकडा जातो. मग जी पोकळी राहते तिच्या आकारावर फ्लॅप ठरतो.

लहान जखमेला नाकाशेजारच्या घडीची किंवा हनुवटीखालची कातडी पुरते. पातळ अस्तर हवं असेल तर मनगटाच्या वरची, हाताच्या आतल्या बाजूची कातडी घेतात. मोठी जाडी हवी असेल, गाल आरपार गेला असेल, तर मांडीचा फ्लॅप. आणि भारतात सगळ्यात जास्त वापरला जाणारा, छातीच्या स्नायूचा फ्लॅप. त्याला वॉर्डात सगळे ‘पीएमएमसी’ म्हणतात. १९७९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून तो डोक्या-मानेच्या सर्जरीचा भरवशाचा बैल आहे. यात रक्तवाहिनी कापून जोडावी लागत नाही. छातीचा स्नायू कातडीसकट उचलून गळपट्टीच्या हाडावरून मानेच्या कातडीखालून वर नेतात. वेळ कमी लागतो, मायक्रोस्कोप लागत नाही, वयस्कर किंवा अशक्त पेशंटला तो झेपतो. मानेत वर्षभर एक फुगवटा राहतो, पुरुषांच्या छातीवरचे केस तोंडात उगवतात आणि बायकांत स्तनाचा आकार बिघडतो. हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलं गेलं पाहिजे. कुणी सांगितलं नाही तर विचारा.

हाड कधी लागतं? शेवटच्या दाढांच्या मागचा भाग गेला तर हाड न लावताही चालवून घेता येतं. जबडा त्या बाजूला सरकतो, दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, पण माणूस मऊ जेवतो. हनुवटीची कमान गेली असेल तर मात्र हाड हवंच. कमान नसेल तर खालचा ओठ लोंबतो, लाळ थांबत नाही आणि जीभ मागे पडून श्वासाला अडथळा होतो. इथं पायातलं बारीक हाड, म्हणजे फिब्युला कामाला येतं. शरीराचं वजन मुख्यतः शेजारचं जाड हाड पेलतं, म्हणून फिब्युलातला २० ते २५ सेंटिमीटर तुकडा काढता येतो. घोट्याजवळ आणि गुडघ्याजवळ सहा-सात सेंटिमीटर हाड मात्र राखावंच लागतं, नाहीतर घोटा डळमळतो आणि गुडघ्याशेजारून जाणारी नस धोक्यात येते. सरळ हाडाला पाचरी कापून जबड्याच्या वळणात बसवतात, टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूने धरतात, मग त्याची धमनी मानेतल्या धमनीला मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक दोऱ्याने जोडतात. पाचरींमधला हाडाचा प्रत्येक तुकडा किमान दोन सेंटिमीटरचा लागतो. त्याहून लहान केला तर वरच्या पापुद्र्यातून येणारं रक्त तुटतं आणि तो तुकडा मरतो. दोन टीम एकाच वेळी काम करतात, एक तोंडाजवळ आणि एक पायाजवळ, तरी आठ-दहा तास जातात. बाहेर बसलेल्यांनी उशीर झाला म्हणून घाबरू नये.

ऑपरेशनच्या आधी

मावा आजपासून बंद. ‘ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोडतो’ असं म्हणणारे खूप. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि आपण तर दोन मिलिमीटरच्या वाहिनीवर सगळा डाव लावलेला असतो. चार आठवडे आधी सुटला तर उत्तम. पण त्यासाठी कॅन्सरच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायची नाही. जेवढे दिवस हातात आहेत तेवढे दिवस कडक पाळायचं. मिश्री लावणाऱ्या आजीलाही हेच लागू. घरात ‘तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते’ असं म्हटलं जातं, पण मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच असते.

तोंड किती उघडतं ते मोजा. स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये बसली तर ठीक. सुपारीने गाल आखडलेल्या पेशंटचं तोंड एक बोटही उघडत नाही, आणि भूल देताना श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं. भूलतज्ज्ञांना हे आधी कळलं तर ते जागेपणी नाकातून दुर्बिणीने नळी घालायची तयारी ठेवतात.

हाताचा फ्लॅप ठरला असेल तर नेहमीच्या कामाचा नसलेला हात निवडतात. उजवखुऱ्याचा डावा. त्या हातात दोन धमन्या असतात आणि एक काढून नेल्यावर दुसरीवर पंजा जगणार का, हे आधी तपासतात. मूठ घट्ट आवळायला लावून मनगटाजवळच्या दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडायला लावायची, पंजा पांढरा दिसतो. मग करंगळीकडची धमनी सोडायची. पाच-सात सेकंदांत लाली सगळ्या बोटांत परत आली तर हात वापरता येतो. एकदा हात ठरला की त्यात सुई, सलाइन, रक्ताची तपासणी, बीपीचा पट्टा काही नको. हे सगळ्यांना सांगत बसण्यापेक्षा हातावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘सुई नको’ लिहा. सलाइनने सुजलेली शीर ऐन वेळी निकामी निघते. पायाचं हाड घ्यायचं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ किंवा डॉप्लर होतो. काही लोकांत पावलाला मुख्य रक्तपुरवठा नेमका फिब्युलाशेजारच्या धमनीतूनच होतो, अशा वेळी ते हाड घेत नाहीत.

किडलेले, हलणारे दात दंतवैद्याकडून आधीच ठरवून घ्या. पुढे रेडिएशन होणार असेल तर दात काढल्यापासून जखम भरायला किमान दहा ते चौदा दिवस मिळायला हवेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं चिठ्ठीवर आणा, स्वतःहून बंद करू नका. सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रं, म्हणजे रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट, हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे दाखवून ठेवा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी मंजुरी अडकते.

आणि एक पाटी किंवा जाड वही आणा. गळ्यात श्वासासाठी नळी असताना पेशंटला पहिले पाच-सात दिवस आवाज नसतो. लिहिता न येणाऱ्यांसाठी एका पुठ्ठ्यावर चित्रं काढा: पाण्याचा ग्लास, लघवीचं भांडं, दुखतंय म्हणून वाकडं तोंड, सक्शनची नळी. बोट ठेवायचा सराव घरीच करून घ्या. रात्री दोन वाजता कफ अडकलेल्या माणसाला हे फार मोलाचं असतं.

पहिले बहात्तर तास

जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी व्हायचा सगळ्यात जास्त धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो. म्हणून पहिल्या दिवशी दर तासाला फ्लॅप बघतात. हे काम सिस्टर आणि डॉक्टरांचं. पण पेशंटजवळ सलग बसलेला माणूस घरचा असतो, आणि बदल पहिल्यांदा त्याच्याच नजरेत येतो. म्हणून बघायचं काय ते शिकून घ्या. हात लावायचा की नाही, हे मात्र सिस्टरना विचारून.

पहिल्या दिवशी, फ्लॅप चांगला असताना, सिस्टरबरोबर तो एकदा नीट बघा. टॉर्च पांढऱ्या उजेडाचा हवा, पिवळ्या उजेडात निळसर छटा लपते. रंगाची तुलना गालाशी करू नका. मांडीची किंवा छातीची कातडी चेहऱ्यापेक्षा उजळच असते, त्यामुळे फ्लॅप फिकट दिसून घरचे उगीच घाबरतात. ज्या जागेवरून घेतला तिथल्या आसपासच्या कातडीशी जुळवून बघा. सिस्टर बोटाने किंवा कापसाच्या काडीने हलकं दाबून सोडतात. दाबलेली पांढरी जागा दोन-तीन सेकंदांत परत रंगली तर रक्त फिरतंय. फ्लॅप कोमट लागतो, हाताला मऊ पण भरीव, पिकत आलेल्या चिकूसारखा.

बिघाड दोन तऱ्हांनी होतो. शीर बंद पडली की रक्त आत येतं पण बाहेर जात नाही. फ्लॅप आधी गर्द गुलाबी, मग जांभळट होतो, फुगतो, टाके ताणल्यासारखे दिसतात, आणि दाबून सोडल्यावर रंग डोळ्याचं पातं लवायच्या आत परत येतो. हा झटपट परत येणारा रंग बघून नवख्याला वाटतं की रक्तपुरवठा जोरात आहे. फसू नका, तीच धोक्याची खूण आहे. सुई टोचली तर काळसर रक्त भळभळतं. धमनी बंद पडली की उलट घडतं: फ्लॅप पांढुरका, गार, सुरकुतलेला, दाबल्यावर रंग येतच नाही, आणि सुई टोचूनही रक्त निघत नाही. शीर बंद पडण्याचं प्रमाण जास्त.

यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही. त्याच क्षणी सिस्टरना सांगा, ‘फ्लॅपचा रंग बदललाय, डॉक्टरांना आत्ता दाखवा.’ तासाभरात पेशंट पुन्हा थिएटरमध्ये गेला आणि गुठळी काढली तर फ्लॅप वाचण्याची चांगली शक्यता असते. चार-सहा तास उलटले तर बारीक वाहिन्या आतूनच सुजून बंद होतात, आणि मुख्य जोड उघडून दिला तरी रक्त पुढे सरकत नाही. रात्री कुणाला उठवायचा संकोच करून फ्लॅप गमावू नका.

बाकी काळजी साध्या गोष्टींची. मानेभोवती काही आवळायचं नाही. गळ्यातली श्वासाची नळी (ट्रॅकिओस्टॉमी) अशा पेशंटमध्ये बऱ्याचदा फितीऐवजी टाक्याने धरतात, कारण फीत नेमकी जोडलेल्या वाहिनीवर बसते. ऑक्सिजन मास्कचं इलॅस्टिक, गाऊनची नाडी, आईने भक्तीने घातलेला गंडा, सगळं काढून उशाशी ठेवा. उशी तीस अंश उंच, डोकं सरळ, ऑपरेशनच्या बाजूला मान वळवून झोपायचं नाही. एसीचा किंवा पंख्याचा थंड झोत थेट अंगावर नको, गारव्याने वाहिन्या आकसतात. भेटायला येणाऱ्यांपैकी बिडी ओढून आलेल्याला बाहेरच थांबवा.

मानेतलं साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी म्हणजे ड्रेन, तिच्या बाटलीतला रंग बघत राहा. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. चोवीस तासांत तीस मिलिलिटरच्या खाली आलं की ड्रेन निघतो. नळीतून दूध द्यायला लागल्यावर ड्रेनमध्ये दुधाळ पाणी आलं, विशेषतः डाव्या बाजूला, तर फीड थांबवून लगेच सांगा. मानेच्या तळाशी असलेली चरबी वाहणारी नळी गळतेय असा त्याचा अर्थ असतो, आणि बऱ्याचदा आहारातली चरबी बदलून ती थांबते. पाचव्या ते दहाव्या दिवसात मानेची कातडी लाल होऊन वास येऊ लागला किंवा लाळ झिरपू लागली, तर तोंडातला टाका सुटला आहे. नळीने आहार चालू ठेवून आणि ड्रेसिंग करून अशा लाळ झिरपणाऱ्या वाटा, म्हणजे फिस्टुला, बऱ्याचदा भरतात, पण त्याला आठवडे लागतात.

पायाकडे दुर्लक्ष होतं. हाड काढलेल्या पायाची बोटं पहिल्या दिवसापासून हलवायला लावा. बोटं हलवताना असह्य दुखणं, बोटं निळी पडणं किंवा सुन्न होणं ही तातडीची खूण. पायाच्या जखमेवर मांडीची कातडी सोलून लावली असेल तर त्या ग्राफ्टची पट्टी साधारण पाचव्या दिवशी डॉक्टरच उघडतात, तोवर उचकटून बघू नका, ग्राफ्ट सरकतो. मांडीवरून कातडी सोललेली जागा बहुतेकांना पायापेक्षा जास्त दुखते. तिथली चिकटलेली जाळी ओढू नका, दोन आठवड्यांत ती कडेकडेने आपोआप सुटते, सुटेल तेवढीच कात्रीने कापा. वॉकर धरून चालणं पाचव्या-सातव्या दिवसापासून.

नळीतून जेवण

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून मापासकट लिहितो. नाकातली नळी दोन-तीन आठवडे राहते, कधी रेडिएशन संपेपर्यंत. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ७५ ते ९० ग्रॅम प्रोटीन लागतं. जखम भरायला प्रोटीन लागतं, ते कमी पडलं की टाके सुटतात. घरचे प्रेमाने देतात ते शहाळं, मोसंबीचा रस आणि डाळीचं वरचं पाणी. त्यात प्रोटीन जवळजवळ नसतं. कोल्हापूरचं आवडतं अळणी सूप द्या, पण नुसत्या पाण्यात ताकद उतरते हा समज सोडा. ताकद मांसात असते. चिकन हाडाशिवाय मऊ शिजवून त्याच पाण्यात मिक्सरमध्ये गंधासारखं मऊ होईपर्यंत वाटा आणि गाळून द्या.

दिवसाचा एक हिशेब असा जमतो: म्हशीचं दूध एक लिटर, उकळून, साय काढून, चार उकडलेली अंडी, साठ ग्रॅम मूगडाळ, पन्नास ग्रॅम नाचणीचं पीठ, दोन चमचे तेल आणि साखर. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मात्र या पेशंटला नको, दूध उकळलेलंच हवं. डाळ चार पट पाण्यात शिजवून वाटा, नाचणीची आंबील पातळ करा, अंडं दुधात वाटा, कच्चं अंडं घालू नका. अंडी चालत नसतील तर फुटाण्याचं पीठ शंभर ग्रॅम, दुधात शिजवून. सगळं दोनदा गाळायचं, आधी चाळणीतून, मग धुतलेल्या मलमलच्या कापडातून. डायबेटिस असेल तर साखर वगळा, किडनीचा त्रास असेल तर हा हिशेब आहारतज्ज्ञांकडून बदलून घ्या.

देण्याची पद्धत ठरलेली ठेवा. पेशंटला बसवा, निदान ४५ अंश. नाकाजवळ नळीवर पेनने केलेली खूण जागेवर आहे का बघा, खूण बाहेर सरकली असेल तर काही देऊ नका. पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजने हलकं ओढा, पोटातलं आंबट पाणी आलं तर नळी पोटात आहे. मागच्या वेळचं खूपसं दूध तसंच परत आलं तर तासभर थांबा. तीस मिलिलिटर कोमट पाणी द्या. मग सिरिंजचा दट्ट्या काढून ती नरसाळ्यासारखी उभी धरा आणि २०० मिलिलिटर फीड आपल्या वजनाने, दहा-पंधरा मिनिटांत उतरू द्या. दट्ट्याने दाबून रिकामं करणाऱ्यांच्या पेशंटला उलटी होते, आणि उलटी छातीत जाते. शेवटी पुन्हा तीस-पन्नास मिलिलिटर पाणी. पुढे पाऊण तास आडवं करायचं नाही. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी एक, असे नऊ वेळा. तयार फीड उन्हाळ्यात चार तासांच्या वर बाहेर ठेवू नका.

गोळ्या वेगवेगळ्या कुटून पाण्यातून द्या, फीडमध्ये मिसळू नका, दूध फाटून नळी चोंदते. नावापुढे एसआर (हळूहळू विरघळणारी) किंवा ईसी (आतड्यात विरघळणारी) लिहिलेली गोळी कुटायची नाही, पर्याय लिहून घ्या. नळी चोंदली तर कोमट पाणी भरून सिरिंज हळूहळू मागे-पुढे करा, तार घालू नका. आणि नळी निघून आली तर घरी किंवा गावातल्या दवाखान्यात परत घालायचा प्रयत्न नको, घशात ताजे टाके असतात. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी आणा.

घरी गेल्यावर

तोंड धुवायला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा, आणि तोंडाने खायला लागल्यावर प्रत्येक जेवणानंतर. तोंडातला फ्लॅप पांढरट, भिजलेल्या बोटासारखा दिसतो, तो पू नव्हे, खरवडू नका. त्याला संवेदना नसते. म्हणून घास गालात अडकून राहतो आणि कळत नाही, आणि गरम चहाने भाजलं तरी कळत नाही. चहा आधी मनगटावर टेकवून बघा. आरशात टॉर्च धरून जेवणानंतर गाल तपासायची सवय लावा. आतले केस वाढले की दंतवैद्य किंवा आमचे डॉक्टर बारीक कात्रीने कापून देतात, रेडिएशननंतर ते बरेच कमी होतात.

तोंडाने सुरुवात दह्याने, मऊ खिमटाने, आटवलेल्या आंबिलीने. पातळ पाण्याने ठसका लागतो, घट्टसर नीट उतरतं. तिखट बंद. तांबड्या रश्श्याचा वास आला की पेशंट हात पुढे करतो, पण रेडिएशनने सोललेल्या तोंडाला एक घोटही आगीसारखा लागतो आणि मग दोन दिवस तो काहीच गिळत नाही.

तोंड उघडण्याचा व्यायाम टाळला तर फ्लॅप छान बसूनही माणूस जन्मभर चमच्याने जेवतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दाढांमध्ये सरकवा, हाड बसवलेल्या बाजूला नाही, चांगल्या बाजूला. अडेल तिथं तीस सेकंद धरा. असं पाच वेळा, दिवसातून पाच वेळा. दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवा आणि काड्यांचा आकडा कॅलेंडरवर लिहा. रेडिएशन चालू असतानाही थांबू नका, तोंड खरं आवळतं ते त्यानंतरच्या महिन्यांत. खांदा उतरला असेल तर मानेतली नस ताणली गेली आहे, भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम रोज करा.

रेडिएशन लागणार असेल तर ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. नेहमीचा कोर्स तीस दिवसांचा, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. मध्ये खाडे झाले की परिणाम घटतो. हे सहा आठवडे पावसाळ्यात येणार असतील तर आधीच कोल्हापुरात खोली बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, आणि आतल्या तालुक्यांचे रस्ते त्याआधीच पाण्याखाली जातात.

रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात पुढे कधीही दुखला तरी गावात उपटून घेऊ नका. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, खड्डा भरत नाही आणि हाड कुजायला लागतं. फिब्युलावर पक्के दात बसवायचे असतील तर हाड जुळल्यावर, साधारण सहा महिने ते वर्षभराने विचार होतो.

पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी. तारखेची वाट न बघता यायचं ते असं: टाक्याच्या कडेला न भरणारी चीर किंवा कडक गाठ, मानेत नवा गोळा, त्याच बाजूचा कान ठणकणं, पट्टीचा धातू कातडीतून दिसणं, आणि काड्यांचा वाढत आलेला आकडा एकाएकी उतरणं. येताना ते कॅलेंडर बरोबर आणा.